गाडी नसलेल्यांचं पुणं: आठवड्याची कामं आणि घरची भट्टी

पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. भाड्याचं घर बघायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, “गाडी आहे ना तुमच्याकडे?” मी परभणीहून कोथरूडला राहायला आले तेव्हा माझ्याकडे दोन चाकांची नव्हती आणि चार चाकांचीही नव्हती. आजही नाही. गाडीशिवाय इथे निभणार नाही, असं जो तो सांगायचा. निभतं. पायी, बसने आणि मेट्रोने आणलेल्या सामानातूनच मी दर आठवड्याला घरी काही ना काही भाजते: रव्याचा केक, नानकटाई, कधी लादी पाव.

नोकरीसाठी किंवा शिकायला नव्याने आलेल्या आणि गाडी घेणं परवडत नसलेल्या, जमत नसलेल्या किंवा नकोच असलेल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. एक हिशोब आधी पक्का करून ठेवा: एका फेरीत आपल्याला किती ओझं नेता येतं? माझं उत्तर पाठीवर सहा किलो आणि एका हातात दोन किलो. दुसरा हात मोकळा हवा, कारण बसचा दांडा धरायचा असतो आणि पावसाळ्यात छत्री. काय कुठून आणायचं, किती आणायचं आणि घरी काय भाजायचं, हे सगळं मी या आठ किलोंवरून ठरवते.

पहिला रविवार: रिकाम्या हाताने फिरा

घरापासून अर्धा किलोमीटर चारी दिशांना चालून या. काही विकत घेऊ नका, नुसतं बघा. वाणी कुठे, पिठाची गिरणी कुठे, औषधांचं दुकान, बेकरी, बसथांबा, पोस्ट. दुकानांच्या वेळाही बघून ठेवा. मध्यवस्तीत आणि जुन्या भागांत बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्येक बाजाराची वेगळी. गाडीवाल्याची फुकट फेरी दहा मिनिटांची असते, आपला त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून लांब जायचं असेल तर आधी फोन करून दुकान उघडं आहे ना विचारा.

मग लगेच दोन कामं करा. दुधाचा रतीब लावा. आणि एका वाण्याकडे महिन्याचं सामान भरायला सुरुवात करा. तांदूळ, गहू, साखर, तेल ही जड मंडळी आपल्या पाठीवरून यायचं काहीच कारण नाही. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की दुकानातला मुलगा संध्याकाळपर्यंत सामान घरपोच आणून देतो. आमच्याकडे परभणीला दुकानदाराला मामा म्हणतात, इथे काका. काकांशी महिन्याला एकदा प्रत्यक्ष जाऊन बोला. मैदा ताजा आला की ते स्वतःहून सांगतात, बारीक रवा संपायच्या आत बाजूला काढून ठेवतात. अ‍ॅपवरून दहा मिनिटांत सामान येतं हे खरं आहे, अडीअडचणीला मीही मागवते. पण तीस रुपयांच्या यीस्टसाठी दोनशे रुपयांची यादी करावी लागते तेव्हा काका बरे वाटतात.

गिरणीची ओळख महत्त्वाची. मी तीन किलो गहू नेते आणि “बारीक दळा” असं सांगते. दगडी जात्याच्या चक्कीत दळताना गव्हातल्या स्टार्चचे कण बरेच मोडतात, त्यामुळे ही कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. पावात कणीक घालायची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

पिशवी

चाकांची पिशवी घेऊ नका. मी घेतली होती. फूटपाथ मध्येच तुटतो, मध्येच झाडाचा पार येतो, मध्येच लावलेल्या दुचाकी. तीन महिन्यांत एक चाक निखळलं. रुंद पट्ट्यांची पाठीवरची सॅक घ्या, तिच्यात दोन कापडी पिशव्या घडी करून कायमच्या ठेवा. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे पिशवी आपली आपण न्यायची. तिसरी वस्तू म्हणजे घट्ट झाकणाचा एक रुंद स्टीलचा डबा. त्यात अंडी येतात, लोणी येतं, परतीच्या वाटेवर घेतलेले टोमॅटो चेंगरत नाहीत.

सॅक भरायचीही रीत आहे. जड वस्तू पाठीला चिकटून आणि मधोमध, हलकं बाहेरच्या बाजूला, डबा सगळ्यांत वर. वजन खाली लोंबत राहिलं की खांदे दुखतात.

बस, मेट्रो, रिक्षा

पीएमपीएमएलच्या बसचे मोठे अड्डे पाठ करा: स्वारगेट, डेक्कन, मनपा, पुणे स्टेशन, कोथरूड डेपो, कात्रज. पाटीवर ‘मनपा’ लिहिलं असेल तर ती महानगरपालिका भवनाला जाते. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही आणि तो ‘शिवाजीनगर’ अशी पाटी शोधत उभा राहतो. जुन्या पद्धतीच्या बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरायचं. डावीकडची आसनं बायकांची. सुट्टे पैसे जवळ ठेवा. थांबा माहीत नसेल तर चढल्या चढल्याच कंडक्टरना सांगून ठेवावं, “दादा, नळस्टॉप आलं की सांगाल का?” आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही. एका दिवसात तीन-चार ठिकाणी जायचं असेल तर दिवसाचा पास काढा, सुट्ट्या तिकिटांपेक्षा तो स्वस्त पडतो.

मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. पण आमच्यासारख्यांचं जगणं खरं बदललं ते सप्टेंबर २०२४ मध्ये, भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत गेला तेव्हा. आता वनाज किंवा नळस्टॉपला बसायचं, सिव्हिल कोर्टला (पाटीवर ‘जिल्हा न्यायालय’) उतरून खालच्या मार्गावर जायचं, मग कसबा पेठ आणि पुढचं स्टेशन थेट मंडई. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन बरंच खोल आहे, गाडी बदलायला सात-आठ मिनिटं धरा. ओझं असताना जिन्याच्या नादी न लागता सरळ लिफ्टकडे जा.

रिक्षा मी दोनच वेळा करते: सामान आठ किलोंच्या वर गेलं तर, आणि पाऊस कोसळत असेल तर. जाताना बस, येताना रिक्षा असं केलं तरी महिन्याचा खर्च गाडीच्या हप्त्याच्या जवळपासही जात नाही.

महिन्यातून एकदा: मंडई, तुळशीबाग, रविवार पेठ

रोजची भाजी घराजवळ घ्या. हातगाड्या आहेत, अनेक भागांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात. पण महिन्यातून एक सकाळ मध्यवस्तीसाठी ठेवा. क्रम मात्र चुकवू नका, कारण हातातलं ओझं वाढत जातं.

सकाळी दहाच्या सुमाराला मंडई स्टेशनवरून वर या. समोरच महात्मा फुले मंडई, १८८६ची अष्टकोनी दगडी इमारत, तेव्हाचं नाव रे मार्केट. इमारत डोळे भरून बघा, पण भाजी आत्ता घेऊ नका. आधी तुळशीबागेत जा. केकचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे, चाळण्या, मोजायचे चमचे भांड्यांच्या दुकानांत मिळतात आणि ते वजनाला हलके असतात. तिथून दहा-बारा मिनिटं चालत रविवार पेठ आणि बोहरी आळी. केकच्या सामानाची दुकानं याच भागात आहेत. कोको पावडर, इन्स्टंट यीस्ट, बटर पेपर हे इथे घाऊक भावात मिळतं. पण मोह आवरा. यीस्टचं अर्धा किलोचं पाकीट स्वस्त दिसतं, आपल्याला ते वर्षभर पुरतं आणि उघडल्यावर त्याचा जोर कमी होत जातो. लहान पाकीट घ्या, घरी आल्यावर घट्ट बरणीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. सगळ्यांत शेवटी मंडईत परत या, फळं-भाजी घ्या आणि तिथूनच खाली मेट्रोत उतरा.

गणपतीच्या दहा दिवसांत या फेरीला सुट्टी द्या. त्या दिवसांत या पेठा गणपती बघायला फिरायच्या, सामान आणायला नाही.

भट्टी कोणती?

भाजायला सुरुवात करायला ओव्हन लागतच नाही. जुना, जाड बुडाचा कुकर पुरे. रबर आणि शिट्टी काढा, तळाशी दीड वाटी जाडं मीठ पसरा, वर उलटी ताटली किंवा स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग साचा आत ठेवून आच बारीक करा. पाणी घालायचं नाही. रबर आत राहिलं तर जळतं. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं, फक्त त्याची वेगळी बरणी करा. रोजचा कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवून अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. माझं पहिलं वर्ष घरमालकीण काकूंनी दिलेल्या जुन्या कुकरवर गेलं.

दोन-तीन महिने हौस टिकली तर ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घ्या. नऊ-दहा लिटरचा फार लहान, वरची सळई केकच्या डोक्यालाच लागते. वीस ते तीस लिटरचा एका घराला भरपूर होतो. दुकानातून स्वतः उचलून आणू नका, घरपोच मागवा. आणि मागवण्याआधी स्वयंपाकघरातला प्लग बघा. सहा अँपियरच्या लहान सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट चालतात आणि अनेक ओटीजी १५००च्या आसपास असतात. फ्रीजला किंवा गीझरला असतो तसा सोळा अँपियरचा मोठा सॉकेट हवा. भाड्याच्या घरात तो नसेल तर मालकांना सांगून वायरमनकडून बसवून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर कधीच लावू नका. विजेची भीती बाळगू नका. पाऊण तास भाजलं तरी साधारण एक युनिट जातं.

साधा मायक्रोवेव्ह यासाठी चालत नाही. कन्व्हेक्शन, म्हणजे आत गरम हवा फिरवणारा, असेल तर चालतो.

ओव्हनच्या आधी मात्र वजनकाटा घ्या. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. मापाच्या कपात मैदा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतो आणि साखर दोनशे, तेव्हा ‘एक कप’ म्हणून काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेच कळत नाही.

सुरुवात रव्याच्या केकने

हा केक पहिला, कारण यातलं सगळं कोपऱ्यावर मिळतं आणि तो सहसा दगा देत नाही. बारीक रवा २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, पातळ केलेलं तूप किंवा तेल ८० मिली, दूध १०० मिली, वेलची. हे सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगू दे. घट्ट झालं तर चार चमचे दूध वाढवा. इडलीच्या पिठाहून जरा सैल हवं. आता चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळा आणि लगेच सात इंची साच्यात ओता. ‘लगेच’ महत्त्वाचं आहे. सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की बुडबुडे लागलीच सुटतात, फोनवर बोलत बसलात तर ते निघून जातात आणि केक बसतो. ओटीजी आधी तापवलेला हवा, १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं. कुकरमध्ये चाळीस ते पन्नास. सुरी मधोमध खुपसून कोरडी निघाली की झालं. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडू नका.

बेकिंग पावडर जुनी झाली का, हे बघायला अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. फसफसली तर चांगली, गप्प राहिली तर फेकून द्या.

नानकटाई

माझा जीव खरा नानकटाईत आहे. आमच्याकडे ती घरी भाजत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आई तूप, साखर, मैदा, रवा मोजून घेई, आणि आम्ही भावंडं दोन पत्र्याचे डबे घेऊन तिच्याबरोबर बेकरीत जायचो. बेकरीवाला किलोमागे मजुरी घ्यायचा. आपलंच सामान, त्याचे हात आणि त्याची भट्टी. तास-दीड तास बाकावर बसायचं, आणि मग गरम डबे टॉवेलात गुंडाळून चालत घरी. ही पद्धत महाराष्ट्रात बऱ्याच गावांत होती आणि काही बेकऱ्या अजूनही करून देतात. तुमच्या भागातल्या जुन्या बेकरीत एकदा विचाराच. ओव्हन नसलेल्याला, आणि दोन-तीन किलो नानकटाई लागणाऱ्याला, यासारखी सोय नाही.

घरी करायची तर तुपावर सगळं आहे. आणि इथे रतीब उपयोगी पडतो. मे महिन्यात अर्धा किलो लोणी मी लांबून आणलं होतं, ते सॅकमध्ये वितळून पाठीपर्यंत आलं. तेव्हापासून नानकटाईचं तूप घरच्या सायीचं. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाची साय रोज साठवली, विरजली, घुसळली, कढवली की पंधरा दिवसांत वाटीभर रवाळ तूप निघतं. ते उचलून आणावं लागत नाही.

तूप ११५ ग्रॅम, घट्ट हवं, पातळ अजिबात नको. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर घालून परातीत तळहाताने फेसायला घ्या. आठ-दहा मिनिटांत ते पांढरं, हलकं होतं. त्यातलं थोडंसं वाटीभर पाण्यात टाकून बघा, तरंगलं की फेसून झालं. या फेसण्यात शिरलेल्या हवेनेच नानकटाई खुसखुशीत होते, म्हणून इथे हात आखडू नका. मग १५० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम बेसन, २० ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ चाळून घाला आणि फक्त एकत्र येईल इतकंच मिसळा. मळायचं नाही. वीसेक ग्रॅमचे गोळे करा, जरा दाबा, दोन बोटांचं अंतर ठेवून मांडा. साधारण वीस होतात. उन्हाळ्यात मांडलेला ट्रे पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर भाजताना पसरतात. १६० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. खालची कड बदामी झाली की काढा. तेव्हा मऊच लागतील, घाबरू नका आणि हातही लावू नका. गार झाल्यावर कडक होतात. वरचा रंग गडद व्हायची वाट पाहिलीत तर करपल्या.

पाव: कधी करावा, कधी करू नये

रोजचा पाव बेकरीतूनच आणा. संध्याकाळी पाच-सहाला ताजी लादी येते, ती चालत जाऊन आणण्यात सुख आहे. गोव्यात तर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत पाव दारात आणतो. तिथे राहत असाल तर हा भाग सोडून द्या. मी घरी पाव करते तो कणीक घालून हवा असतो तेव्हा, किंवा घरात पाहुणे असतात आणि बाहेर पाऊस असतो तेव्हा.

मैदा २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर १५, मीठ ५. कोमट दूध-पाणी मिळून २०० मिली, कणीक जास्त पाणी पीत असेल तर आणखी पंधरा-वीस. दहा-बारा मिनिटं मळा, शेवटी २५ ग्रॅम लोणी घालून परत मळा. खारं पिवळं लोणी असेल तर मीठ ४ ग्रॅम. झाकून ठेवा, दुप्पट झालं की पुरे. घड्याळ बघू नका: मे महिन्यात पुण्यात चाळीस मिनिटांत फुगतं, डिसेंबरात दोन तास घेतं. थंडीत गोळा बंद ओटीजीत गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा. मग नऊ गोळे, आठ इंची चौकोनी साच्यात शेजारी शेजारी, पुन्हा अर्धा-पाऊण तास. वरून दूध लावून २०० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं.

पावसाळ्याचा साठा

जून ते सप्टेंबर मैदा अर्ध्या किलोहून जास्त घेऊ नका. दमट हवेत रव्याला जाळी धरते, मैद्यात अळ्या होतात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून बरणीत भरा, केकला भाजलेला रवा चांगलाच लागतो. मैदा फ्रीजमध्ये. नानकटाई गार झाल्याबरोबर डब्यात, एक दिवस उघडी राहिली तर मऊ पडते.

आणि दिवाळीला गावी न्यायची असेल तर डब्याच्या तळाशी कागद घालून नानकटाया उभ्या लावा, एकीला एक खेटून, नाण्यांच्या चवडीसारख्या. वर रिकामी जागा उरली तर तिथे चुरगळलेला कागद दाबून बसवा. आडव्या रचल्या तर खालच्या थराचा चुरा होतो. मी डबा एसटीत मांडीवर घेऊन बसते, पायाखाली ठेवत नाही. परभणीपर्यंत एकही फुटत नाही.